गर्भिणीची छर्दी : पहिला उपचार स्वयंपाकघरातच हवा

चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भधारणेची जी व्यक्त लक्षणे सांगितली आहेत, त्यांत तोंडाला पाणी सुटणे, अन्नावरील अनिच्छा, अरुची व आंबट खाण्याची इच्छा यांच्या जोडीने छर्दीचीही गणना आहे. म्हणजे पहिल्या तीन महिन्यांतील मळमळ व ओकारी हा बहुधा व्याधी नसून गर्भ राहिल्याची ती खूण होय. दहापैकी सुमारे सात स्त्रियांना हा त्रास होतो. शेवटच्या पाळीपासून मोजता सहाव्या आठवड्याच्या सुमारास तो सुरू होतो आणि पाचव्या महिन्यापर्यंत बहुधा शमतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने त्याचा संबंध गर्भाकडून मातेच्या रक्तात येणाऱ्या जीडीएफ-१५ या संप्रेरकाशी जोडला. तेव्हा 'हे नुसते लाड आहेत' असे म्हणणाऱ्या घरातील वडीलधाऱ्यांची समजूत घालणे, हेही आता वैद्याचे काम ठरते.

या छर्दीचा पहिला उपचार आहाराने व्हावा, दुकानातील डबीने नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

वणी ही सप्तशृंगगडाच्या वाटेवरील बाजारपेठ. दिंडोरी, कळवण, सुरगाणा या तालुक्यांतील गावांचा व पाड्यांचा तिच्याशी नित्य संबंध. येथील कित्येक स्त्रिया द्राक्षबागांत मजुरीला जातात. पहाटे घर सोडायचे, पोटात नुसता चहा आणि बागेत फवारणीचा उग्र वास. रिकामे पोट व उग्र गंध ही दोन्ही छर्दीची प्रबळ कारणे होत. नवरात्रातील नऊ दिवसांचे उपवास आणि चैत्रातील उन्हात गडाची पायी वारी यांनी त्यांत भरच पडते. देवीची भक्ती मोडावी असे आम्ही म्हणत नाही. गरोदरपणी उपवास व पायी वारी पुढील वर्षावर टाकावी, एवढे मात्र वैद्याने निःसंकोच सांगावे.

उपाय साधे आहेत. अंथरुणातून उठण्यापूर्वी मूठभर साळीच्या लाह्या किंवा कोरड्या भाकरीचा तुकडा चावून खावा. दर दोन तासांनी थोडे खावे, पाणी घोट घोट प्यावे. तळलेले व फोडणीच्या वासाचे पदार्थ दूर ठेवावेत. नागलीची पातळ आंबील गार करून घेतल्यास सहसा टिकते. चरकांच्या छर्दिनिग्रहण गणात लाह्यांबरोबर डाळिंबही आहे आणि कळवण-सटाणा पट्ट्यात ते मुबलक पिकते. योगरत्नाकराने गर्भिणीच्या छर्दीसाठी धण्यांचा कल्क तांदळाच्या धुवणातून साखर घालून सांगितला आहे. धुवण मात्र उकळून गार केलेल्या पाण्याचेच असावे. दौहृदजन्य छर्दीत स्त्रीला हवी असलेली फळे द्यावीत, हे सुश्रुतांचे मत तर डोहाळे पुरवण्याच्या आपल्या रीतीशी तंतोतंत जुळते. सुंठ दिवसाला एक ग्रॅमपर्यंत, विभागून द्यावी. आधुनिक प्रसूतितज्ज्ञांनाही ती मान्य आहे; परंतु अम्लपित्त, रक्तस्राव किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास देऊ नये.

ग्रंथोक्त म्हणून सर्व काही सरसकट द्यावे, असेही नाही. छर्दिनिग्रहण गणातच ज्येष्ठमध आहे. गर्भारपणी त्याचे अधिक व दीर्घकाळ सेवन टाळावे, असे आजचे ज्ञान सांगते. येथेच औषधी विक्रेत्यांची जबाबदारी सुरू होते. 'मळमळीवर काहीतरी द्या' म्हणणाऱ्या गिऱ्हाईकाला सूतशेखर काढून देणे सोपे असते. लघुसूतशेखरात सोनगेरू व सुंठ असून त्यास नागवेलीच्या रसाची भावना असते. सूतशेखरात मात्र पारद, वत्सनाभ व धोत्र्याचे बी असते. नावात एका शब्दाचा फरक, पण गर्भिणीच्या दृष्टीने अंतर फार मोठे. ही तिन्ही द्रव्ये औषध नियमांच्या ई-१ अनुसूचीत विषारी म्हणून नोंदलेली आहेत आणि त्यांच्या पोटात घेण्याच्या कल्पांवर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापणे बंधनकारक आहे. अनुभवी वैद्य रुग्णा पाहून रसौषधी योजतात, असा आक्षेप कोणी घेईल. तो आम्हांस मान्य आहे. पण विक्रेत्याने रुग्णा पाहिलेली नसते. पुष्कळदा औषध न्यायला पती किंवा सासूबाई येतात आणि दिवस गेल्याचे संकोचाने सांगतही नाहीत.

सौम्य उपायांची मर्यादाही ओळखली पाहिजे. चोवीस तास पाणीही टिकत नसेल, लघवी अगदी कमी वा गडद होत असेल, उलटीत रक्त, ताप किंवा पोटदुखी असेल, अथवा वजन शेकडा पाचांहून अधिक घटले असेल, म्हणजे पंचेचाळीस किलोच्या स्त्रीचे सव्वादोन किलोंहून अधिक, तर तिला विनाविलंब रुग्णालयात पाठवावे. नवव्या आठवड्यानंतर प्रथमच उलट्या सुरू झाल्यास अन्य कारण शोधावे. कित्येक दिवस अन्न न टिकलेल्या स्त्रीला नुसते ग्लुकोजचे सलाईन लावणे धोक्याचे आहे. त्याआधी थायामिन न दिल्यास मेंदूला कायमची इजा होऊ शकते. ओकारीच्या भीतीने फॉलिक अॅसिडची गोळी बंद करू देऊ नये. लोहाच्या गोळ्या शासकीय कार्यक्रमात चौथ्या महिन्यापासून असतात, हेही घरच्यांना समजावून द्यावे.

वैद्यबंधुभगिनींनी चिठ्ठीवर औषधाच्या वर आहार लिहावा. दुकानदार मित्रांनी मळमळीचे औषध देण्यापूर्वी 'कोणासाठी हवे आहे? दिवस गेले आहेत का?' एवढे अवश्य विचारावे आणि होकार मिळताच डबी परत फळीवर ठेवून रुग्णेला वैद्याकडे पाठवावे. त्या दिवशीच्या विक्रीत थोडी घट होईल. एका मातेच्या व तिच्या गर्भाच्या तुलनेत ती नगण्य आहे.