पदे उरली, नाटक हरवले

संगीत नाटक जतन करावयाचे म्हणजे त्यातील पदे गावयाची, असा समज आपल्या मराठी घरांतून रूढ झाला आहे. गणेशोत्सव असो वा कोजागिरी, पेटी-तबला मांडला जातो, चार-सहा नाट्यपदे रंगतात आणि परंपरा राखल्याच्या समाधानात मंडळी घरी परततात. हे समाधान फसवे आहे.

‘संगीत संशयकल्लोळ’ कसे घडले ते पाहावे. मोलिएरच्या १६६० मधील फ्रेंच प्रहसनाचा आधार घेऊन आर्थर मर्फीने १७६१ साली इंग्रजी नाटक रचले; त्यावरून गोविंद बल्लाळ देवलांनी १८९३ च्या सुमारास ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ सिद्ध केले. ते गद्य होते! पदांचा साज चढवून गंधर्व नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणले १९१६ साली. त्याच वर्षी जूनमध्ये देवल निवर्तले होते. म्हणजे वीसहून अधिक वर्षे ही सुखात्मिका पदांवाचून उभी होती. न्यूयॉर्कच्या प्रिन्सेस थिएटरात १९१५ साली आलेली ‘व्हेरी गुड एडी’ ही संगीत सुखात्मिकाही अशीच आधीच्या गद्य प्रहसनावर बेतलेली होती. विनोदाचा पाया संवादांत असतो. संगीत त्यावरचा मजला.

कोणी म्हणतील, नाटक तरले ते गाण्यांमुळेच. गाण्यांचे ऋण कोण नाकारील? परंतु बालगंधर्वांच्या रेवतीइतकाच गणपतराव बोडसांचा फाल्गुनरावही रसिकांनी डोक्यावर घेतला, तो त्यांच्या गद्याच्या बळावर. एका तसबिरीवरून दोन जोडप्यांत माजणारा संशय नुसत्या पदांतून कसा उलगडणार? पुरुषांना महिन्यांची आणि स्त्रियांना नक्षत्रांची नावे देऊन देवलांनी परकी कथा आपल्या पंचांगात बसविली, हे तरी कसे कळणार?

तलमडुगूसारख्या ठिकाणी हा प्रश्न केवळ अभिरुचीचा नाही. १९५६ च्या पुनर्रचनेत राजुरा, किनवट मराठी मुलखात गेले. आपण अलीकडे राहिलो. शाळा तेलुगू, बाजार तेलुगू. आपली मुले पद ऐकून पाठ करतील, अर्थ न कळताही गातील. संवादाचे तसे नाही. समोरच्याचे वाक्य समजल्यावाचून उत्तराची फेक साधत नाही आणि भाषा उमगल्यावाचून हसू येत नाही.

म्हणून आग्रह एवढाच : पुढील कार्यक्रमात पदांआधी एक संपूर्ण प्रवेश व्हावा. नेपथ्य नको, पुस्तक हाती असले तरी चालेल. मात्र बोलणारी मुले असावीत. त्यांच्या उच्चारात तेलुगूचा हेल आला तर वडीलधाऱ्यांनी नाक मुरडू नये. पॅरिसहून लंडनमार्गे हरिपूरच्या देवलांकडे आलेली ही कथा तेवढ्याने बाटणार नाही. मुले गप्प राहिली, तर मात्र पदे ऐकायलाही उद्या कोणी उरणार नाही.