विद्यापीठात काय पिकतं?

गेल्या शनिवारी ऑफिसमधल्या चौघांबरोबर खालापूरला गेलो होतो. निमित्त प्लॉट बघण्याचं. (होय, मीही त्यातलाच. त्याबद्दल पुढे बोलतोच.) येताना कर्जतला वडा खायला थांबलो आणि गप्पांची गाडी नेहमीच्या फलाटावर लागली: आपल्याकडे रिसर्च होतच नाही. एक मित्र म्हणाला, "आपली विद्यापीठं म्हणजे डिग्र्या छापायचे कारखाने. तिथून कामाचं असं निघतं तरी काय?"

आता गंमत बघा. हे वाक्य ज्या गावात उच्चारलं गेलं त्या गावाचं नाव कोकणातल्या भाताच्या बियाण्याच्या पिशव्यांवर छापलेलं असतं. कर्जत-२, कर्जत-३, कर्जत-५, कर्जत-७... हे सगळं एका विद्यापीठातून निघालेलं आहे. तेव्हा वाद घातला नाही, कारण तोंडात वडा होता. आता घालतो.

कर्जतला प्रादेशिक कृषी संशोधन केंद्र आहे. इथे भातावर काम सुरू झालं ते इंग्रजांच्या काळात. १९७२ साली दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ झालं (आताचं डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ) आणि हे केंद्र त्याचा भाग झालं. कर्जत-१८४ हा इथला जुना वाण. त्याचा एक पालक तायवानचा बुटका टीएन-१ आणि दुसरा आपला कोळंबा. जुनी भातं उंच. जरा खत घातलं की वाढायची आणि वाऱ्यापावसात आडवी व्हायची. बुटकं भात उभं राहतं. म्हणून हे लग्न लावलं.

लग्न लावायचं म्हणजे काय, तेही ऐका. भाताच्या एकेका फुलात सहा परागकोश असतात. ते फुटायच्या आत चिमट्यानं काढायचे. एका लोंबीतल्या कित्येक फुलांवर हेच काम. मग लोंबीला पिशवी, मग दुसऱ्या वाणाचे पराग. जे बी येईल ते पेरायचं, त्यातलं बरं निवडायचं, पुन्हा पेरायचं, पुन्हा निवडायचं. पीक एकसारखं यायला लागेपर्यंत कित्येक हंगाम जातात. मग ठिकठिकाणी चाचण्या, मग राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांच्या संयुक्त बैठकीत लोकांचे प्रश्न. दहा-बारा वर्षं सहज जातात. आपली रिलीज दोन आठवडे पुढे गेली तर आपण चेहरा पाडून बसतो!

आणि एक वाण काढून भागत नाही. माळाच्या हलक्या जमिनीत पाणी ठरत नाही, तिथे लवकर तयार होणारं हळवं भात लागतं. खोलगट खाचरात पाणी राहतं, तिथे गरवं चालतं. मधल्याला निमगरवं. म्हणून कर्जत-३ आणि कर्जत-७ हळवे, कर्जत-५ निमगरवा, कर्जत-२ गरवा. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक प्लॅटफॉर्मसाठी वेगळा बिल्ड.

याच विद्यापीठाच्या बाकीच्या कामाची यादी केली तर माझा मित्र चक्रावेल. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून आलेला 'रत्ना' आंबा, १९८१. त्यानंतर १९९२ चा 'सिंधू', ज्याची कोय जवळजवळ नसल्यासारखी पातळ. वेंगुर्ल्याचे काजू. कापणीला दातेरी 'वैभव' विळा. आंबा खाली न पाडता देठासकट उतरवायला 'नूतन' झेला. कोकण कन्याळ शेळी. बी, फळ, अवजार, जनावर! एका विद्यापीठाच्या कामात याहून जास्त वैविध्य काय असायला हवं? पण ज्ञान म्हणजे कागद, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. २०१६ पासून विद्यापीठांची सरकारी क्रमवारी लागते, त्यात पेपर मोजतात, सायटेशन मोजतात. शेतकऱ्याच्या कणगीत कुठलं बी आहे हे मोजायला कोणी जात नाही. अहो, पेपर म्हणजे डॉक्युमेंटेशन. प्रॉडक्ट शेतात उभं आहे, ते बघा की.

मित्रमंडळी मुंबईला परतली आणि मी मुक्कामाला मामाकडे गेलो, कडावच्या बाजूला. मामाची दीड एकर खाचरं. भिवपुरीच्या टाटा वीजघरातून सुटलेलं पाणी राजनाल्यानं या भागात फिरतं, म्हणून उन्हाळ्यातही भात होतं. जेवताना विचारलं, "मामा, बी कुठलं रे तुझं?"

"कर्जत तीन. घरचंच. चार वर्षांपूर्वी आणलेलं, तेच राखतोय. शेजारच्यांनाही त्यातलंच दिलं."

ओपन सोर्सवर तावातावानं भांडणाऱ्यांनो, जरा इकडे लक्ष द्या. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानुसार शेतकरी बी राखू शकतो, पुन्हा पेरू शकतो, शेजाऱ्याला देऊ शकतो, विकूही शकतो. फक्त ब्रँडच्या नावानं विकायचं नाही. मामा ज्याला बी देतो तो वापरकर्ताही असतो आणि वितरकही. याच कर्जतमधून १९९८ मध्ये 'सह्याद्री' हा संकरित भातही आला. त्याचं उत्पन्न जास्त, पण बी दर वर्षी नवं घ्यावं लागतं. दोन्ही पर्याय एकाच केंद्रानं दिले, ज्याला जे परवडेल ते त्यानं घ्यावं.

आता तुम्ही म्हणाल, एवढं छान आहे तर शेतकरी जमीन का विकतो? बरोबर आहे. लावणीला माणूस मिळत नाही, तुकडे लहान, हिशेब जेमतेम जुळतो. कृषी विद्यापीठ म्हणजे स्वर्ग आहे असंही माझं म्हणणं नाही. बढतीसाठी पेपर तिथेही लागतातच. पण आपण 'इथे काही पिकत नाही' म्हणतो आणि त्याच खाचरावर मुरूम टाकून वीकेंड होमचं बुकिंग करतो, हा शुद्ध निर्लज्जपणा आहे. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाल्यावर तर दलालांचे फोन थांबेनात. आम्ही बघितलेल्या प्लॉटवर मुरुमाच्या कडेला जुना बांध अजून दिसत होता. त्याचा फोटो काढून मी ग्रुपवर 'नाइस टेक्स्चर' लिहिलं होतं. च्यायला.

मामाला म्हटलं, "जमिनी गेल्या तरी बी राहील ना? केंद्रात शीतगृहात ठेवतात."

मामा म्हणाला, "ठेवतील रे. पण माझ्या कणगीतलं बी दोन वर्षं पेरलं नाही तर उगवत नाही. पेरशील तर राहील."

मी प्लॉट रद्द केला. टोकनचे पैसे गेले. यानं काही वाचलेलं नाही हे मला माहीत आहे. तो प्लॉट आता त्या मित्रानंच घेतलाय, ज्यानं वडा खाताना तो प्रश्न विचारला होता. त्याला उत्तर हवं असेल तर फार लांब जायला नको. मुरूम थोडा उकरून बघावा.

असो. तुम्हीही कधीतरी कर्जत-खालापूरला प्लॉट बघायला जालच. दलाल स्विमिंग पूल दाखवेल, क्लब हाऊस दाखवेल. त्याला फक्त एवढंच विचारा: इथे शेवटचं भात कुठलं होतं?