शिष्टमंडळात पॅकहाऊसमधली बाई हवी

फेब्रुवारी उजाडला की नाशिकहून माणसं येतात. बर्लिनचं फ्रूट लॉजिस्टिका प्रदर्शन आटोपलं की शिष्टमंडळ रॉटरडॅमकडे वळतं, कारण युरोपात जाणारी आपली बरीचशी द्राक्षं याच बंदरात उतरतात. मग एखाद्या हॉटेलात संध्याकाळचा स्वागत समारंभ ठरतो आणि इथल्या मराठी घरांमध्ये फोन फिरू लागतात. मी आवर्जून जाते. माझं माहेर निफाड तालुक्यातलं, भाऊ अजून द्राक्षबाग सांभाळतो आणि मी रॉटरडॅमजवळच्या रिडरकर्कला एका शीतगृहात फळांची तपासणी करते. दिवसभर परक्या भाषेत काम केल्यावर पिंपळगावचा कुणी काका ‘काय ताई, गावाकडं कधी?’ असं विचारतो, तेव्हा किती बरं वाटतं ते परदेशात राहणाऱ्यालाच कळेल. हे समारंभ बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही. पण एवढ्या लांबून आलेल्या माणसांचा एवढाच उपयोग होतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

स्वागतगीत, शाल-श्रीफळ, मान्यवरांची ओळख, मग भाषणं. इथले खरेदीदार दिलेल्या वेळेला हजर होतात, आणि जेवण लवकर करायची सवय असल्यामुळे लवकर निघतातही. भाषणं संपेपर्यंत निम्मे गेलेले असतात. उरलेल्यांसोबत फोटो होतो. या हंगामात कोणाचे किती कंटेनर घ्यायचे हे ठरवणारा माणूस आणि ज्याच्या बागेतून ते भरणार तो शेतकरी यांच्यात दोन वाक्यंही होत नाहीत. कित्येकदा तर तो शेतकरी आलेलाच नसतो. आलेले असतात पदाधिकारी, अधिकारी, मोठे निर्यातदार. त्यांनी यायलाच हवं. पण घड हातात धरणारं कोणीच नसेल, तर ते शिष्टमंडळ अर्धंच आहे.

माझ्या टेबलावर काय होतं ते सांगते. कंटेनर उघडला की आधी मण्याच्या आतलं तापमान बघायचं. ते शून्य अंशाच्या आसपास हवं. मग गोडी, मण्याची जाडी, रंग, चिरलेले मणी, पनेटच्या तळाशी झडून पडलेले मणी, पेटीतल्या ग्रेप गार्ड कागदाच्या वायूने पांढुरके पडलेले मणी आणि देठ. देठ हिरवा असेल तर गिऱ्हाईक माल ताजा समजतं. तो तपकिरी झाला की मणी कितीही गोड असला तरी भाव पडतो. मी अहवाल लिहिते, त्याच्या आधारावर आयातदार नुकसानीचा क्लेम लावतो, निर्यातदार तो पुढे ढकलतो आणि शेवटी शेतकऱ्याच्या हिशोबात रक्कम कमी होते. का कमी झाली, ते त्याला अनेकदा ‘माल खराब निघाला’ या एका वाक्यापलीकडे कळत नाही. फोटोंसकट लिहिलेला माझा अहवाल मधेच कुठेतरी थांबतो.

माहिती अशी मधेच थांबली की काय होतं ते नाशिककरांनी 2010 साली भोगलं आहे. वेलीची वाढ रोखायला वापरल्या जाणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश युरोपात सापडले. तिथे त्याची तपासणी होत होती, आपल्याकडच्या निर्यातपूर्व तपासणीच्या यादीत मात्र ते नव्हतं. कंटेनर अडकले, निर्यातदार बुडाले, बागायतदार कर्जात गेले. ग्रेपनेटसारखी चांगली व्यवस्था तेव्हाही होती. कोणती पेटी कोणत्या प्लॉटमधली हे तिच्यात सापडत होतं, पण युरोप आता काय शोधतो आहे हे बागेपर्यंत वेळेत पोचलं नाही. आजही जर्मनीतल्या काही सुपरमार्केट साखळ्या कायद्याच्या मर्यादेपेक्षा कडक अटी घालतात. औषधाचा अंश किती असावा हे तर त्या बघतातच, वेगवेगळ्या औषधांचे अंश मिळून किती असावेत हेही मोजतात. हे बागेत फवारणी ठरवणाऱ्याने स्वतःच्या कानांनी ऐकायला हवं.

मागे एका वर्षी शिष्टमंडळासोबत दिंडोरीकडच्या एका पॅकहाऊसमधल्या सुपरवायझर ताई आल्या होत्या. समारंभात त्या मागच्या रांगेत बसून होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना शीतगृहात घेऊन गेले. एका खेपेचे देठ सुकलेले निघत होते आणि आम्ही सगळे जहाजाला आणि कंटेनरला दोष देत होतो. ताईंनी चार-पाच पनेट उघडले, घड उलटा धरला, देठ दोन बोटांत फिरवून पाहिला. म्हणाल्या, “हा बागेतच गेलाय, ताई. दुपारपर्यंत क्रेट उन्हात ठेवले असतील. उशिरा प्रीकूलिंगला गेला की देठ असाच होतो.” पेटीवरच्या क्रमांकावरून प्लॉट शोधला, नाशिकला फोन लावला. त्या दिवशी ट्रॅक्टर वेळेवर आला नव्हता आणि क्रेट बांधावरच राहिले होते. तिथून पुढे त्या निर्यातदाराने काढणी सकाळी लवकर उरकायला आणि क्रेटवर सावलीची जाळी टाकायला सुरुवात केली. आदल्या रात्रीच्या सगळ्या भाषणांपेक्षा त्या अर्ध्या तासाने नाशिकचं जास्त भलं केलं, असं मी ठामपणे म्हणते.

लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे 2023 च्या अखेरीपासून जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि न्हावा शेवाहून निघालेल्या मालाचा प्रवास साधारण दोन आठवड्यांनी वाढला. मार्ग केव्हा काय वळण घेईल ते आपल्या हातात नाही. काढणीनंतरचे पहिले काही तास मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहेत, आणि ते पेठ-सुरगाण्याहून बागेवर येणाऱ्या मजुरांच्या, घड कातरणाऱ्या बायांच्या हातात आहेत. दक्षिण आफ्रिका, चिली, पेरू यांचा माल माझ्या टेबलावर शेजारीच असतो. आपला घड चवीला त्यांना हार जात नाही. आपण हरतो ते देठावर, रंगावर आणि एका पेटीसारखी दुसरी पेटी नसते यावर.

आम्हा इथल्या मराठी माणसांनीही फोटोपुरतं जाणं सोडायला हवं. कोणी बंदरात काम करतं, कोणी विमा कंपनीत, कोणी सुपरमार्केटच्या कार्यालयात. एकेकाने एकेक क्लेम वाचून शेतकऱ्याला मराठीत समजावून सांगितला, तरी खूप होईल.

नाशिकमधल्या आयोजकांना माझी विनंती आहे. पुढच्या फेब्रुवारीची यादी कराल तेव्हा तिच्यात बागेत फवारणी ठरवणारा एक शेतकरी आणि पॅकहाऊसमधली एक बाई घ्या. समारंभ एकच ठेवा, भाषणं दोन ठेवा आणि दुसरी सकाळ शीतगृहासाठी मोकळी ठेवा. हॉटेल परवडत नसेल तर त्यांना आमच्या घरी उतरवा. व्हिसासाठी लागणारं निमंत्रणपत्र आम्ही देऊ. फक्त नावं नोव्हेंबरातच कळवा, व्हिसाला वेळ लागतो.