सही कोणाची, धुरा कोणाचा

पु. ल. देशपांडे 12 जून 2000 रोजी गेले. व. पु. काळे पुढच्याच वर्षी. व्हॉट्सॲप आलं 2009 मध्ये. तरीही नाती, माणुसकी आणि आयुष्य या विषयांवर दोघंही रोज भल्या पहाटे काहीतरी नवं लिहीत असतात. महाराष्ट्र-मध्य प्रदेश सीमेवरच्या घरांत आणखी गंमत. 1 नोव्हेंबर 1956 ला गोंदियासकट भंडारा जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. सोयरीक काही तुटली नाही. त्यामुळे गोंदियाच्या मामाकडून वपुंच्या सहीने निघालेलं वाक्य बालाघाटच्या भाच्याकडे पोचून पुढे सरकलं, की हिंदी होतं आणि गुलजारांच्या खात्यावर जमा होतं.

खोट्या सहीचं एक वेळ सोडून देऊ. पण ही वाक्यं कोणाला लागतच नाहीत. ‘लोक गरजेपुरते जवळ येतात’ हे वाचून गरजेपुरता जवळ येणारासुद्धा मान डोलावतो. लोक म्हणजे बाकीचे! म्हण अशी सुटका देत नाही. तिच्याखाली कोणाची सही नसते, म्हणून बोलणाऱ्याला ती स्वतःच्या जबाबदारीवर बोलावी लागते, तीही समोरच्याच्या तोंडावर.

बालाघाट म्हणजे धानाचा जिल्हा; इथल्या चिन्नोर तांदळाला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कुसळ आणि मुसळ दोन्ही इथे घरचीच. कापणीच्या दिवसांत धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, दोन भाऊ हमरीतुमरीवर येतात. एकाने धुरा वीतभर सरकवलेला असतो, आणि तोच दुसऱ्याच्या ढोरांनी लोंब्या खाल्ल्या म्हणून ओरडत असतो. पलीकडच्या बांधीतली म्हातारी विळा न थांबवता म्हणते, “त्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसते बाप्पा, आपलं मुसळ नाही दिसत.” कापणाऱ्या बाया फिसकन हसतात. दोघांनाही कळतं, कोणाला बोलली. धुरा लगेच जागेवर येतो असं नाही; पण आरडाओरडा थांबतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुरा सरकवणारा घरच्या ग्रुपवर समाधानी वृत्तीबद्दल सुविचार टाकतो. खाली पुलंचं नाव. वीतभर जमीन गेलेला भाऊ त्याला हात जोडल्याचं चित्र पाठवतो. काकू, आत्या, गोंदियाचे मामा सगळे बघत असतात, करणार काय?