बदलीच्या गावची शाळा

आम्हा सरकारी कारकुनांना 'बदली' हा शब्द पाठ असतो. पण गोव्यातली बदली ती केवढी! काणकोणच्या माणसाला पेडण्याला टाकला तरी तो रात्री घरी येऊन मुलांची उजळणी घेऊ शकतो. खरी बदली वकिलातीतल्या लोकांची. आज दिल्ली, तीन वर्षांनी आफ्रिकेतलं एखादं शहर, मग परत वॉशिंग्टन. अशा माणसाच्या मुलांनी शिकायचं कुठे?

अमेरिकेने यावर सरळ उत्तर काढलं. शाळाच मुलांच्या मागोमाग पाठवली. दिल्लीची अमेरिकन एम्बसी स्कूल १९५२ पासून आहे, मुंबईची अमेरिकन स्कूल ऑफ बॉम्बे १९८१ पासून. वसतिगृह वगैरे काही नाही. मुलं सकाळी जातात, दुपारी घरी. वर्ष ऑगस्टात सुरू होतं, इयत्ता तिकडच्या, मान्यता अमेरिकेतल्या मंडळाची. त्यामुळे दिल्लीत सहावी केलेलं पोर ओहायोत सातवीत जाऊन बसतं, वर्ष वाया जात नाही. शंभराहून अधिक देशांत अशा शाळा आहेत. त्या स्वतंत्र मंडळं चालवतात, पण त्यांना मदत करायला अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात १९६४ पासून एक वेगळं कार्यालय आहे. हे शेवटचं वाक्य, वाचकहो, जरा लक्षात ठेवा.

आपल्याकडे या शाळांचं काय पोचलं? लाखांच्या घरातली फी, हिरवळ, पोहण्याचा तलाव, आणि 'इंटरनॅशनल' हा शब्द. आता तर तो शब्द गल्लीबोळातल्या पाट्यांवरही दिसतो. मूळ कल्पना मात्र गाडीतून उतरलीच नाही. ती एवढीच, की पोटापाण्यासाठी माणूस कुठेही गेला तरी त्याच्या मुलाची शिकण्याची भाषा आणि घराकडची वाट तुटता कामा नये.

ही कल्पना मला भेटली ती सुरतेत, तीही अगदी साध्या कपड्यांत. एका लग्नाच्या निमित्ताने तिथे गेलो होतो. उधना, लिंबायत या भागात फिरताना आपण गुजरातेत आहोत हे विसरायला होतं. धुळे, जळगाव, नंदुरबारकडची हजारो कुटुंबं यंत्रमाग आणि कापडाच्या कारखान्यांमागून इथे आली आणि राहिली. त्यांच्या मुलांसाठी सुरत महापालिकेच्या मराठी शाळा आहेत. महापालिकेची शिक्षण समिती गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांतून प्राथमिक शिक्षण देते. गुजरात बोर्डाची दहावीची परीक्षाही मराठीतून देता येते. मजुराच्या मुलासाठी परमुलखात त्याच्या भाषेची शाळा! वकिलातीतल्या साहेबाला जे मिळतं तेच, फक्त फुकट आणि पोहण्याच्या तलावाशिवाय.

त्या मुलांच्या घरी अहिराणी, वर्गात मराठी, रस्त्यावर गुजराती. घरी कोंकणी आणि शाळेत मराठी शिकून मोठे झालेल्या आम्हा गोवेकरांना यात नवल वाटायचं कारण नाही. शिवाय २०२३ साली गुजरातने कायदा करून पहिली ते आठवीपर्यंत सगळ्याच शाळांत गुजराती सक्तीची केली, अगदी इंटरनॅशनल म्हणवणाऱ्यांतसुद्धा. मला हे दोन्ही पटतं. आलेल्याला त्याची भाषा द्या, आणि ज्या गावात तो राहतो त्या गावची भाषाही शिकवा.

गंमत म्हणजे अमेरिकन लोकांनाही हे फार पूर्वी ठाऊक होतं. त्यांचे मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले, ते आधी मराठी शिकले आणि मग मराठी शाळा काढल्या. धर्मप्रसाराचा हेतू होताच, तो कशाला लपवा? पण त्याच मिशनच्या फरारबाईंची अहमदनगरची मुलींची शाळा पाहून जोतिराव फुल्यांना मुलींच्या शाळेची प्रेरणा मिळाली. आणि मिशनऱ्यांच्या स्वतःच्या मुलांसाठी १९०१ साली कोडाईकनालला शाळा निघाली, ती इंग्रजी. दुसऱ्याच्या मुलाला त्याच्या भाषेतून, आपल्याला आपल्या. हिशोब स्वच्छ होता.

आमचा हिशोब कुठे चुकतो? १९९० साली शशिकलाताई काकोडकर शिक्षणमंत्री असताना, प्राथमिक शाळेला अनुदान मातृभाषेतून शिकवलं तरच, असं ठरलं. २०११ साली इंग्रजीलाही अनुदान सुरू झालं. आज खेड्यापाड्यांतल्या कितीतरी सरकारी मराठी शाळा पटाअभावी मिटल्या आहेत. ज्या चालू आहेत त्यांतल्या कित्येकींत कर्नाटक, उत्तर प्रदेशातून आलेल्या मजुरांची पोरं बसतात. म्हणजे परक्याचं मूल आमच्या भाषेत शिकतं आणि आमचं मूल परक्या भाषेत. त्या मजुरांच्या मुलांनाही त्यांच्या भाषेचा एखादा तास मिळावा असं सुरत पाहिल्यापासून मला वाटतं.

पालकांना मी दोष देणार नाही. त्यांचा प्रश्न खरा आहे : पुढे काय? सुरतेतला मराठी बापही हेच विचारतो. दहावीनंतर मराठी वाट अरुंद होत जाते, आणि मग तो धाकट्याला इंग्रजी शाळेत घालतो. अमेरिकन शाळेपुढे हा प्रश्न नाही, कारण तिच्या शेवटच्या वर्गापुढे विद्यापीठाचं दार उघडं असतं आणि तिच्या पाठीशी तिचं सरकार असतं.

तेव्हा अमेरिकेकडून काही उचलायचंच असेल तर ते परराष्ट्र खात्यातलं छोटं कार्यालय उचला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, सत्कार झाले. आता महाराष्ट्राने एक टेबल, दोन कारकून आणि एक फाईल एवढ्यासाठी तरी खर्चावी : महाराष्ट्राबाहेर मराठी शाळा कुठे आहेत, त्यांना शिक्षक कोण देतो, पुस्तकं वेळेवर पोचतात का, आणि तिथून निघालेल्या मुलाला पुढे प्रवेश कुठे. सुरत, बेळगाव, इंदूर, गोवा, सगळं त्या एका फाईलीत मावेल. कारकून म्हणून सांगतो, काम फार मोठं नाही. फक्त कुणीतरी वरून सही करायला हवी.