आधी बोलणं ऐकू येऊ द्या

माझ्या भाच्याने आठ महिने खपून सहा मिनिटांची अॅनिमेशन फिल्म केली. कॉलेज सांभाळून, रात्री जागून, ब्लेंडर हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर स्वतःच शिकून. शनीच्या कड्यांजवळ एक मोडकळीला आलेलं यान आहे, त्यात एकटी मुलगी, हवा संपत आलेली. शेवटी ती घरी निरोप पाठवते. एका रविवारी दुपारी आपाच्या घरी आम्ही सगळे टीव्हीसमोर बसलो. चित्रं पाहून मी थक्क झालो. शनीची सावली कड्यांवर पडते तीसुद्धा पोराने बरोबर पाडली होती.

फिल्म संपली, टाळ्या झाल्या, आणि माझ्या अम्मीने विचारलं, "क्या बोली रे वो छोरी?"

सगळे गप्प. कारण ती काय बोलली ते कुणालाच कळलं नव्हतं. मागे इंजिन घरघरत होतं, भोंगा वाजत होता, वर सिंथेसायझरचं संगीत. पोराचा चेहरा उतरला. "नानी, तेच तर मुख्य वाक्य होतं." वाक्य असं होतं: "अम्मी, दाराला कडी लावू नकोस." आवाज त्याच्या धाकट्या बहिणीचा, आणि चांगला दिलेला. अख्खी फिल्म ज्या पाच शब्दांसाठी केली, तेच इंजिनाखाली चिरडले गेले होते.

हौशी सायन्स फिक्शन करणारी आपली बहुतेक मुलं इथेच मार खातात, असं माझं मत आहे. चित्राला आठ महिने, आवाजाला दोन संध्याकाळी. आणि त्या दोन संध्याकाळींत एकच ध्यास, दणदणाट झाला पाहिजे. भव्यता म्हणजे मोठा आवाज, हा समज त्यांनी मल्टिप्लेक्समधून उचललेला असतो. पण मल्टिप्लेक्समध्ये चारी बाजूंना स्पीकर असतात आणि बोलणं बहुधा पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून स्वतंत्र येतं. आपल्या पोरांची फिल्म पाहिली जाते एसटीत, मोबाइलच्या बोटभर स्पीकरवर, किंवा घरी डोक्यावर पंखा फिरत असताना.

संध्याकाळी मी त्याच्याबरोबर बसलो. आकाशवाणीवर हंगामी काम करताना थोडा तजुर्बा मिळाला होता, तेवढ्या भांडवलावर. चौदा ट्रॅक होते. प्रत्येक ट्रॅक एकट्याने ऐकून त्याने तो 'दमदार' केला होता. चौदा पहिलवान एकाच आखाड्यात सोडल्यावर कुस्ती दिसत नाही, धूळ दिसते. बोलणं ऐकू येईना म्हणून बोलणं वाढवलं, मग स्फोट फिका वाटला म्हणून स्फोट वाढवला, आणि शेवटी सगळं शून्य डेसिबलच्या छताला जाऊन आपटलं. डिजिटल आवाजाला त्याच्यावर जागा नसते, तिथे लाटेचं डोकं कापलं जातं आणि आवाज फाटतो.

उपाय कंटाळवाणा आहे. सगळे ट्रॅक बंद करायचे. आधी फक्त बोलणं लावायचं आणि टीव्ही घरात जितका मोठा ठेवतो तितक्यावर ते स्पष्ट करून घ्यायचं. मग इंजिन शून्यातून हळूहळू वर आणायचं आणि 'आता यान आहे असं वाटतं' त्या क्षणी हात थांबवायचा. हात थांबत नाही, हीच अडचण. भाच्याचा तर अजिबात थांबत नव्हता.

दुसरी गोष्ट त्याला नवी होती. बोलण्यातला अर्थ मोठ्या प्रमाणात व्यंजनांत असतो, आणि व्यंजनांची ओळख पटते ती साधारण एक ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात. त्याच्या इंजिनाची खरखर नेमकी तिथेच बसली होती. आम्ही बोलण्याला हात लावला नाही. इंजिनाचा तो पट्टा चार-पाच डेसिबल उतरवला. शिवाय मुलगी बोलायच्या अर्धा सेकंद आधी इंजिन सहा डेसिबल खाली, बोलून झाल्यावर सावकाश पुन्हा वर. सहा डेसिबल म्हणजे लाटेची उंची निम्मी होते, पण ऐकणाऱ्याला बदल झाल्याचं बहुधा कळतही नाही. त्याचं लक्ष मुलीकडे गेलेलं असतं.

"पण मामू, यूट्यूबवर बाकीच्यांच्या फिल्म मोठ्या वाजतात." त्याचंही उत्तर आहे. फार मोठ्या आवाजाचा व्हिडिओ यूट्यूब स्वतःच खाली आणतं, साधारण उणे १४ लफ्सच्या आसपास. लफ्स म्हणजे कानाला सरासरी किती मोठं वाटतं त्याचं माप. म्हणजे तुम्ही सगळं ठासून भरलंत तर सगळंच खाली येणार, आणि स्फोट आणि कुजबुज यांतला फरक जो तुम्ही आधीच मारून टाकलाय, तो काही परत मिळणार नाही.

हे झालं समतोलाचं. पण माझी मोठी तक्रार आवाजांबद्दलच होती. त्याने इंटरनेटवरून 'साय-फाय पॅक' उतरवला होता. लेझरची किचकिच, दार सरकल्याची फुस्स, संगणकाची टिकटिक. हे मी शंभर ठिकाणी ऐकलेलं आहे. चित्रातला प्रत्येक बोल्ट स्वतः घडवणारा पोरगा आवाज मात्र बाजारातून तयार आणतो, याचं मला वाईट वाटलं.

ज्यांची नक्कल हे पॅक करतात त्यांनी काय केलं होतं? १९७७ च्या 'स्टार वॉर्स'साठी बेन बर्ट यांनी हत्तीच्या चीत्कारात ओल्या रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारीचा आवाज मिसळून लढाऊ यान उडवलं. प्रकाशाच्या तलवारीत जुन्या प्रोजेक्टरच्या मोटारीची गुणगुण आहे आणि टीव्हीच्या पडद्याजवळ मायक्रोफोन नेल्यावर येणारी भणभण. त्याआधी १९६३ मध्ये बीबीसीत ब्रायन हॉजसन यांनी 'डॉक्टर हू' मालिकेतलं कालयान कशातून काढलं, तर आईच्या घराची किल्ली जुन्या पियानोच्या खर्जातल्या तारांवर घासून. मग टेपची उलटापालट. घरची किल्ली!

आणि आम्ही राहतो मिरजेत. ज्या गावच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, जिथे आमच्याच लोकांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या भोपळे कोरले जातात, तिथला पोरगा तारेचा आवाज परदेशातून उतरवून घेतो.

शेजारच्या कारागीर चाचांकडे भोपळ्याला चीर गेलेला एक तंबोरा पडून होता. त्यावर खर्जाची तार चढवली, भोपळ्याला वीस-तीस रुपयांना मिळणारी पिझो चकती चिकटवली आणि दाराच्या किल्लीने तार घासली. रेकॉर्डिंग चौथ्या भागाच्या वेगाने वाजवलं. भाचा हेडफोन काढून माझ्याकडे बघत राहिला. यान कण्हत होतं.

यात कानाचं एक शास्त्र आहे, आणि ते चाचांना आमच्यापेक्षा जास्त कळतं. काळी एकच्या तंबोऱ्यात खर्ज सुमारे ७० हर्ट्झला लागतो. मोबाइलचा स्पीकर दोनशे-तीनशे हर्ट्झच्या खाली जवळपास मुकाच. त्यामुळे पॅकमधली नुसती खोल घुमारेदार इंजिनं थिएटरात छाती हलवतात आणि फोनवर गायब होतात. मग मुलं ती आणखी वाढवतात आणि आवाज फाटतो. तंबोऱ्याचा खर्ज मात्र फोनवरही ऐकू येतो, कारण घोडीवर तारेखाली दोरा सरकवून काढलेल्या जवारीमुळे त्या एका सुरातून वरचे अनेक स्वर फुटतात. ते स्वर कानावर पडले की खालचा मूळ सूर मेंदू स्वतःच भरून घेतो. आता चौथ्या भागाच्या वेगाने वाजवल्यावर खर्ज १७-१८ हर्ट्झवर जातो, तो तर थिएटरातही ऐकू येणार नाही; तरी वरच्या स्वरांच्या जोरावर यान फोनवर कण्हतच राहिलं. आवाज वाढवण्याऐवजी त्यात जवारी घालावी, म्हणजे वरचे स्वर मिसळावेत, हे कुठल्याही इंजिनाला लागू आहे.

त्या पॅकमधल्या एका फाइलचं नाव होतं 'वाळवंटी ग्रह'. लावली तर बाईचा अरबी वळणाचा आलाप. म्हणजे परका, धोकादायक, वाळूचा ग्रह दाखवायचा तर आवाज कुणाचा, हे तिकडे कुणीतरी ठरवून टाकलंय. इकडे हिंदी सिनेमात मुसलमान मोहल्ला आला की पडदा उघडायच्या आत अजान किंवा कव्वाली सुरू होते. आमच्या गल्लीत अजान होते, पाच वेळा, पण बाकीचा दिवसभर रंधा, कानस, शिलाई मशीन, रिक्षाचा हॉर्न आणि जुळवली जात असलेली तार ऐकू येते. भाच्याने ती फाइल आधीच फेकली होती, "नकली वाटली मामू" म्हणून. मी एवढंच म्हणेन की साउंड इफेक्ट निरागस नसतो, आणि फुकट मिळालेल्या पॅकबरोबर दुसऱ्याची नजरही फुकट येते.

राहिला प्रश्न अंतराळात आवाज कसा, हा. हवा नाही तर आवाज नाही, हे खरंच. १९६८ च्या '२००१: अ स्पेस ओडिसी'त अंतराळवीर हेल्मेटशिवाय यानात उडी घेतो तेव्हा पूर्ण शांतता असते, दार बंद होऊन हवा आत शिरल्यावरच आवाज येतो. २०१३ च्या 'ग्रॅव्हिटी'त अंतराळवीर ज्याला धरतो, त्याची कंपनं अंगातून आल्यासारखी ऐकू येतात. मी कट्टर नाही, हत्ती ओरडला तरी मला चालतं. पण हौशी माणसाला शांतता परवडते, हे तो विसरतो. तिला पॅक लागत नाही.

म्हणून मी सुचवलं की मुलगी वाक्य बोलते तेव्हा इंजिन बंदच पडू दे. हवा संपत आलीय, मग यंत्रं कशाला चालतील? नुसता तिचा श्वास, आणि वाक्य. भाचा म्हणाला, "नाही, तंबोरा अगदी बारीक राहू दे. घर आठवतंय ना तिला." यावर आमचं दोन दिवस भांडण चाललं.

परवा त्याने अम्मीला फोनवर नवी आवृत्ती दाखवली, पंखा चालू ठेवून. तंबोरा होता. वाक्य ऐकून अम्मी म्हणाली, "कडी नाही लावली तर चोर येतील की." माझ्या मते तंबोरा अजून दोन डेसिबल खाली हवा. तो ऐकत नाही.