ठाण्याच्या फलकावर कोणता आकडा?

मार्च महिना लागला की कोणत्याही सरकारी-निमसरकारी कचेरीत एकच शब्द ऐकू येतो, उद्दिष्ट! वसुलीचे उद्दिष्ट, अल्पबचतीचे उद्दिष्ट, खर्चाचे उद्दिष्ट. आकडा वरून येतो, साहेबांच्या टेबलावरून कारकुनाच्या टेबलावर उतरतो आणि ३१ तारखेच्या रात्रीपर्यंत कसाबसा पुरा होतो. तो कसा पुरा झाला हे साहेबांनाही ठाऊक असते आणि शिपायालाही. आणीबाणीत नसबंदीचे उद्दिष्ट कसे पुरे झाले हे आपल्या वडीलधाऱ्यांना विचारा. आकडा पुरा झाला, पण त्या आकड्यात कोण भरडले गेले? ज्याच्या मागे कोणी नव्हते तो!

वाचक बंधुभगिनींनो, पोलिसांनाही असेच उद्दिष्ट असते. ठाण्यात साहेबांच्या खोलीत भिंतीवर फलक असतो. मागील वर्षी इतके गुन्हे, चालू वर्षी इतके, त्यांपैकी उघड इतके. मासिक बैठकीत वरिष्ठ त्याच आकड्यांवर बोलतात. गुन्हे वाढले तर फौजदाराची मान खाली, कमी झाले तर शाबासकी. आता तुम्हीच सांगा, गुन्हे कमी करण्याचा सर्वांत सोपा उपाय कोणता? फिर्याद लिहूनच घ्यायची नाही! जबर मारहाण असली तरी 'एन.सी.' म्हणजे अदखलपात्र नोंद करायची, हातात चिठ्ठी द्यायची आणि म्हणायचे, "मावशी, गावातच मिटवा, कशाला कोर्टाच्या पायऱ्या चढता?" मावशीला वाटते पोलिसांनी लिहून घेतले. पण एन.सी.चा तपास न्यायाधीशांच्या हुकुमाशिवाय होत नाही. फलकावरचा आकडा स्वच्छ राहिला, मावशीचे दुखणे घरी राहिले.

याचा अर्थ सारे पोलीस वाईट असा नाही. आपलीही मुले आज खाकीत आहेत. आपल्या खंडाळा तालुक्यातलाच (लोणावळ्याजवळच्या नव्हे, सातारा जिल्ह्यातल्या) बंदोबस्त बघा. महामार्ग आहे, खंबाटकीच्या घाटातले अपघात आहेत, शिरवळच्या कारखान्यांचा ताण आहे, ३ जानेवारीला सावित्रीमाईंच्या नायगावला मंत्र्यांच्या गाड्या येतात. माणसे मोजकी आणि कामे ढीगभर. अशा वेळी आधी काय आणि मागे काय हे कोणी तरी ठरवतेच. ते कोण ठरवते आणि कोणासाठी ठरवते, हाच आजचा प्रश्न आहे.

महाराष्ट्रातले एक मोठे उदाहरण घेऊ. १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गृहमंत्री होते आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्याचे, तासगाव तालुक्यातले आर. आर. पाटील. कल्पना चांगली होती. बांधाचे भांडण, भाऊबंदकी, दारूतली मारामारी गावातच मिटावी, कोर्टकज्जात गरिबाची जमीन जाऊ नये. पुष्कळ ठिकाणी तसे झालेही, ते नाकारण्याचे कारण नाही. पण मोहिमेला गुण होते आणि गुणांवर बक्षीस होते, गावाच्या लोकसंख्येप्रमाणे लाखांत. कागदावर फक्त तडजोडीला पात्र असलेले तंटेच मिटवायचे होते. ॲट्रॉसिटीचा गुन्हा तडजोडीला पात्रच नाही. पण ज्या गावात समिती पाटलाच्या वाड्यावर बसते, तिथे आपला माणूस फिर्याद द्यायला निघाला की त्याला काय ऐकावे लागणार? "तुझ्या एका केसपायी गावाचं बक्षीस जाईल!" तक्रार करणारा तोच गावाचा गुन्हेगार ठरतो.

खैरलांजी हे नाव आपल्या घरात लहान पोरालाही सांगावे लागत नाही. २९ सप्टेंबर २००६, भंडारा जिल्हा. सुरेखा भोतमांगे, मुलगी प्रियंका, मुलगे रोशन आणि सुधीर यांची हत्या झाली. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ साली सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली, पण ॲट्रॉसिटीचे कलम लागू केले नाही. २०१० साली नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून पंचवीस वर्षांची शिक्षा केली. आणि त्याच २०१० साली खैरलांजी गावाला तंटामुक्तीचा पुरस्कार मिळाला! भैयालाल भोतमांगे तेव्हा हयात होते. २०१७ साली न्यायाची वाट बघतच ते गेले. गुणपत्रिकेत त्यांच्या दुःखाला रकाना नव्हता.

दुसरे उदाहरण तर आपल्याच जिल्ह्यातले आहे. कराडच्या शासकीय औषधनिर्माण महाविद्यालयातल्या एका कर्मचाऱ्याने गोपनीय अहवालातल्या शेऱ्यांवरून कराड पोलिसांत ॲट्रॉसिटीची फिर्याद दिली. ते प्रकरण चढत चढत दिल्लीला गेले आणि २० मार्च २०१८ रोजी 'सुभाष काशिनाथ महाजन विरुद्ध महाराष्ट्र शासन' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की आधी प्राथमिक चौकशी होऊ शकेल आणि वरिष्ठांच्या परवानगीशिवाय अटक नको. कायद्याचा गैरवापर होतो हे दाखवायला निकालात राष्ट्रीय गुन्हे नोंदणी कार्यालयाचे आकडे आले. २०१५ साली न्यायालयांनी १५,६३८ प्रकरणे निकाली काढली. त्यांत ११,०२४ मध्ये आरोपी सुटले, ४९५ मागे घेतली गेली, शिक्षा झाली ४,११९ मध्ये.

मी बी.कॉम. झालेला कारकून, वकील नव्हे. पण बेरीज-वजाबाकी मला येते. शंभरातली सव्वीस प्रकरणे शिक्षेपर्यंत गेली, हे खरे. उरलेली चौऱ्याहत्तर खोटी होती, हे त्या आकड्यात कुठे लिहिले आहे? पोलिसांच्या दप्तरात 'बी समरी' नावाची वेगळी वाट आहे. फिर्याद खोटी आढळली तर ती त्या वाटेने जाते. न्यायालयात जाऊन सुटलेला आरोपी वेगळा. तिथे पंच फुटतात, साक्षीदार गावच्या दबावाने फिरतात, जातीचा दाखला वेळेवर जोडलेला नसतो, तपास डी.वाय.एस.पी.ऐवजी खालच्याने केलेला असतो. तपासातली चूक पोलिसांची, आणि त्याचा दंड फिर्यादीच्या इमानावर! वसुली झाली नाही म्हणून कर्जच दिले नव्हते असे कोणती बँक म्हणेल?

पुढचे आपल्याला ठाऊक आहे. २ एप्रिल २०१८ चा भारत बंद झाला, उत्तरेत आपली माणसे मेली. ऑगस्टमध्ये संसदेने कलम १८-अ घातले, त्यामुळे गुन्हा दाखल करायला प्राथमिक चौकशीची गरज राहिली नाही. १ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपले ते निर्देशही मागे घेतले. पण एका आकड्याचा चुकीचा अर्थ लावला तर किती किंमत पडते, हे कराडच्या त्या फिर्यादीने साऱ्या देशाला दाखवले.

आकडा वर गेला की वाईट आणि खाली आला की चांगले, असेही सरळ नसते. अनुसूचित जातींवरील अत्याचाराची नोंद २०२१ मध्ये देशात ५०,९०० होती, २०२२ मध्ये ५७,५८२ झाली. यात अत्याचार किती वाढले आणि दबलेल्या माणसाने धीर करून ठाण्याची पायरी किती चढली? ती नोंद करणारे कार्यालयच सांगते की गुन्हा वाढणे आणि गुन्ह्याची नोंद वाढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फलकासमोर बसलेल्या वरिष्ठांना मात्र हा फरक मोलाचा वाटत नाही.

हे दुखणे फक्त आपल्याकडचे नाही. इंग्लंडमध्ये गृहमंत्री थेरेसा मे यांनी २०१० साली पोलिसांची बाकीची उद्दिष्टे रद्द केली आणि गुन्हे कमी करा एवढेच काम सांगितले. २०१४ साली सरकारच्याच पोलीस तपासनिसांनी दप्तरे उघडून पाहिली. लोकांनी सांगितलेल्या शंभर गुन्ह्यांपैकी एकोणीस नोंदलेच गेले नव्हते, लैंगिक गुन्ह्यांत सव्वीस! कामाचा ताण आणि आकड्यांचा दाब, कारणे तीच.

पण त्याच देशातली दुसरी गोष्ट आपण घेण्यासारखी आहे. २२ एप्रिल १९९३ रोजी लंडनमध्ये स्टीफन लॉरेन्स नावाच्या अठरा वर्षांच्या काळ्या मुलाला बसची वाट बघत असताना गोऱ्या टोळक्याने भोसकले. पोलिसांनी तपासाची माती केली. आईबाप हटले नाहीत. शेवटी न्यायमूर्ती मॅकफर्सन यांची चौकशी बसली आणि १९९९ च्या अहवालात सत्तर शिफारशी आल्या. पहिली शिफारस कोणती? पोलिसांचा अग्रक्रम ठरवताना गृहमंत्र्यांनी अल्पसंख्य वंशांच्या लोकांचा पोलिसांवरील विश्वास वाढवणे हे काम ठरवून द्यावे, आणि ते कितपत झाले हे मोजावे. म्हणजे मोजपट्टी पीडिताच्या हातात दिली. दोन खुन्यांना शिक्षा व्हायला २०१२ साल उजाडले, पण तो अग्रक्रम त्या आईबापांनी सरकारकडून लिहून घेतला.

आपल्याकडे राष्ट्रीय पोलीस आयोग १९७७ साली नेमला गेला होता. धर्मवीर त्याचे अध्यक्ष. त्याच्या तिसऱ्या अहवालात दुर्बल घटक आणि पोलीस यांवर वेगळे प्रकरण आहे. अहवाल धूळ खात पडले. निवृत्त पोलीस महासंचालक प्रकाश सिंह १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २२ सप्टेंबर २००६ रोजी निकाल लागला, खैरलांजीच्या बरोबर सात दिवस आधी. न्यायालयाने सांगितले की प्रत्येक राज्यात राज्य सुरक्षा आयोग नेमा. पोलिसांचे धोरण त्याने आखावे, कामाचे मोजमाप त्याने करावे, अहवाल विधिमंडळापुढे ठेवावा आणि त्याच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक असाव्यात. पोलीस हा राज्याचा विषय, म्हणून महाराष्ट्राने २०१४ साली आपल्या पोलीस कायद्यात दुरुस्ती केली. आयोग आला, अध्यक्ष गृहमंत्रीच, आणि शिफारशी मात्र सल्ल्यापुरत्या! परीक्षा ज्याची, गुण देणाराही तोच.

मग आपण काय करायचे? नवा कायदा येण्याची वाट बघायची गरज नाही. १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा आणि १९९५ चे नियम नीट वाचले, तर पोलिसांचे उद्दिष्ट त्यातच तारखेसह लिहून ठेवले आहे. फिर्यादीची प्रत विनामूल्य द्यायची. तपास डी.वाय.एस.पी.पेक्षा खालच्या अधिकाऱ्याने करायचा नाही. तातडीचे अर्थसाहाय्य सात दिवसांत. दोषारोपपत्र साठ दिवसांत, आणि उशीर झाला तर कारण लेखी. जामिनाची सुनावणी असेल तर पीडिताला आधी कळवायचे. पोलिसाने जाणूनबुजून हे कर्तव्य टाळले तर कलम ४ प्रमाणे सहा महिने ते एक वर्ष कैद आहे. अर्थसाहाय्य टप्प्याटप्प्याने मिळते, पहिला टप्पा गुन्हा नोंदल्यावर. म्हणून एन.सी.ची चिठ्ठी घेऊन घरी येणे म्हणजे ती तारीखच सुरू न होणे, हे घरातल्या बायकांनी आधी ध्यानात ठेवावे, कारण ठाण्यात बहुधा त्याच धावतात. हातात आलेल्या कागदावर 'गुन्हा रजिस्टर नंबर' आहे का ते बघा. नसेल तर तिथेच विचारा. दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद नोंदवलीच पाहिजे असे ललिता कुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ सालीच सांगितले आहे. १ जुलै २०२४ पासून फौजदारी कायद्याची नावे बदलली, जुने कलम १५४ आता नव्या संहितेत १७३ झाले, आणि हद्द कोणाचीही असो, कोणत्याही ठाण्यात फिर्याद देता येते.

हे सारे एकेका कुटुंबाने मोजत बसायचे का? त्यासाठी नियम १७ आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा दक्षता व नियंत्रण समिती असते. आमदार-खासदार, पोलीस अधीक्षक आणि आपल्या समाजातले अशासकीय सदस्य तिच्यात असतात, आणि तीन महिन्यांतून एकदा तरी तिने बसलेच पाहिजे. उपविभाग पातळीवरही अशीच समिती आहे. अशासकीय सदस्य म्हणून आपली माणसे तिथे जातात, फोटो निघतो, चहा होतो. त्यांना आपण प्रश्न लिहून दिले पाहिजेत. वर्षात किती गुन्हे झाले हे विचारू नये, त्याने फलकच पुन्हा समोर येतो. किती गुन्ह्यांत साठ दिवस उलटले आणि लेखी कारण कोणी दिले? किती पीडितांना सात दिवसांत पैसे मिळाले? मागच्या तिमाहीत किती आरोपी सुटले आणि त्यांतल्या किती निकालांत न्यायाधीशांनी तपासावर ताशेरे मारले? ॲट्रॉसिटीच्या किती तक्रारी आधी एन.सी. म्हणून लिहिल्या गेल्या?

खंडाळ्याच्या, शिरवळच्या, लोणंदच्या मंडळींना माझी विनंती आहे. कंपनीतली शिफ्ट सोडून साताऱ्याला हेलपाटे घालणे जमत नाही हे मला माहीत आहे. एक अर्ज पोस्टाने जातो. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावा (दारिद्र्यरेषेखालील असाल तर तेही लागत नाही) आणि साताऱ्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्तांच्या कार्यालयाकडे मागच्या दोन वर्षांतल्या दक्षता समितीच्या प्रत्येक बैठकीची तारीख आणि इतिवृत्त मागा. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. दोन वर्षांच्या आठ बैठका व्हायला हव्यात. किती झाल्या ते मोजा आणि उत्तराची झेरॉक्स या पानाकडे पाठवा. आलेली उत्तरे आपण याच सदरात छापू.